लग्न झालेलं नाही, बाळाचा बाप नाकारतोय, काय करता येईल?

मृदुला_प: मैत्रिणीसाठी विचारतेय. लग्न झालं नव्हतं, आता बाळ झालंय आणि तो माणूस म्हणतो माझं नाहीच. खर्च मागता येतो का? आणि जन्मदाखल्यावर बापाचं नाव नसलं तर अडतं का, तिला सगळे घाबरवतायत.

वकिलीण_नाशिक: मृदुलाताई, पोटगी बाळाचा हक्क आहे, आईवडिलांचं लग्न झालेलं असो वा नसो. त्यासाठी आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. फॅमिली कोर्टात अर्ज करायचा, तो नाकारत असेल तर डीएनए टेस्ट मागायची, पण कोर्ट ती मागितली की लगेच देतं असं नाही, आधी थोडा तरी पुरावा लागतो, म्हणून चॅट, फोटो, दवाखान्याचे कागद काहीही डिलीट करू नका प्लीज. दाखल्याचं टेन्शन नको, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अविवाहित आईच्या प्रतिज्ञापत्रावर तो द्यायचा.

सागर७७: आणि लग्न झालेलं असेल तर?

वकिलीण_नाशिक: सागर, मग उलटं. लग्न टिकून असताना किंवा मोडल्यावर २८० दिवसांत, आईने दुसरं लग्न केलेलं नसताना, मूल झालं तर कायदा ते नवऱ्याचंच धरतो. त्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं. नुसत्या संशयावर लेकराचं रक्त तपासायला कोर्ट सहसा तयार होत नाही आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

मृदुला_प: खूप आभार ताई. चॅटचा बॅकअप आजच घ्यायला लावते.