आर्मेनियन कवी वाचायचेत, सुरुवात कुणापासून करू?

प्रश्न: ऑटोमन तुर्कांनी १९१५ मध्ये केलेल्या आर्मेनियन नरसंहाराबद्दल वाचत होतो, त्यात २४ एप्रिलला कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल) आर्मेनियन लेखक-कवींना पकडलं असं आलं आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. हे लोक लिहायचे काय? कुठून सुरू करू?

उत्तर: दानिएल वारुझान घ्या. ३१ व्या वर्षी मारला त्याला. भाकरीवरच्या, म्हणजे पेरणीपासून कापणीपर्यंतच्या कवितांचं हस्तलिखित त्याच्यामागे कसंबसं वाचलं आणि १९२१ मध्ये छापलं गेलं. मरणाच्या तोंडावर असलेला माणूस शेताबद्दल इतकं शांत लिहितो, मला तर वाचताना गलबलून आलं.

उत्तर: चारेंत्स सोडू नका प्लीज! जन्म १८९७, कार्सचा. रशियन क्रांतीवर मनापासून विश्वास ठेवला आणि १९३७ मध्ये स्टालिनच्याच काळात येरेवानच्या (आर्मेनियाची राजधानी) तुरुंगात मेला. त्याच्या एका कवितेत प्रत्येक ओळीचं दुसरं अक्षर जोडत गेलं की आर्मेनियन लोकांना एकत्र या असा निरोप निघतो, सेन्सॉरच्या नाकाखालून! आणि त्याची हस्तलिखितं रेगिना गाझारियान या मैत्रिणीने जमिनीत पुरून ठेवली म्हणून आज वाचता येतात. तिचं नाव त्याच्याइतकंच घेतलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

उत्तर: हलकं काही हवं असेल तर तुमानियान. त्याच्या ‘अनुश’ काव्यावर १९१२ मध्ये ऑपेरा झाला. आणि झाबेल येसायान, १९१५ च्या अटकेच्या यादीत होती पण निसटली, तिचं गद्य वाचाच.

प्रश्नकर्ता: खूप आभार सगळ्यांचे, वारुझानपासून सुरू करतो. येसायानची इंग्रजी भाषांतरं मिळतात का?