प्रबंध कोणत्या भाषेत?

परक्या भाषेत शिकणाऱ्यांना पदव्युत्तर वर्गात आल्यावर भाषेसाठी वेगळी मदत कशाला, असं काहीजण म्हणतात. अजिबात पटत नाही. परक्या भाषेतलं रोजचं बोलणं दोनेक वर्षांत जमतं, अभ्यासाची भाषा पक्की व्हायला ५ ते ७ वर्षं लागतात, हे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी शाळकरी मुलांबाबत केव्हाच दाखवलंय. इथे तर अख्खा अभ्यासक्रमच दोनेक वर्षांत आटोपतो! वर्गातल्या चर्चेत मुद्देसूद बोलणारी मुलगी, आपला निष्कर्ष कुठवर लागू पडतो हे परक्या भाषेत लिहिताना अडखळते आणि परीक्षकांना वाटतं, हिला विषयच कळला नाही. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात विद्यार्थी इंग्रजी किंवा फ्रेंच, हव्या त्या भाषेत लिहू शकतात (भाषाविषयांसारखे अपवाद सोडून). अर्थात त्यासाठी दोन्ही भाषा नीट वाचणारे परीक्षक आधी नेमायला हवेत. सगळं अडतं ते तिथेच.