फोटो काढायला तुम्हाला कुणी शिकवलं? (बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळ्यांनी लिहा)

शहापुरी
परवा लेकीच्या ॲडमिशनला पासपोर्ट फोटो लागणार होते म्हणून गल्लीतल्या स्टुडिओत गेलो. आतला पोरगा तिला म्हणाला, "हनुवटी जरा खाली. मान डावीकडं. अंहं, तुमची डावी." आणि मला आण्णा आठवले.

दहावीची परीक्षा झाली की पोरगं उनाडायला नको म्हणून बाबांनी मला खडे बाजारच्या मागच्या बोळात एका स्टुडिओत नेऊन बसवलं होतं. पगार नाही, दुपारचा चहा फक्त. आण्णांकडं याशिकाचा दोन डोळ्यांचा कॅमेरा. वरनं वाकून काचेत बघायचं, आणि त्या काचेत डावं ते उजवं दिसणार. गिऱ्हाईक डावीकडं सरकलं की आत ते उजवीकडं जातंय. आण्णांना त्याची इतकी सवय की बाहेर कुणी पत्ता विचारला तरी तोंडानं डावीकडं सांगत आणि हात उजवीकडं. 120 मापाचा रोल, त्यात 12 फोटो. 12 भरल्याशिवाय रोल धुवायचा नाही, त्यामुळं शेवटचं गिऱ्हाईक येईपर्यंत पहिल्याला "उद्या या".

शिकवणं असं नव्हतंच. कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही बरेच दिवस, नुसता थर्माकोल धरायचा. एका बाजूनं लाईट, दुसऱ्या बाजूनं थर्माकोल. तो पुढं घेतला की गालावरची सावली पातळ होते, मागं नेला की दाट. नियम एकच, नाकाची सावली ओठाला शिवता कामा नये. ते धरून धरून माणसाच्या तोंडावरचा उजेड दिसायला लागला मला. अजून बसमध्ये समोरच्याच्या तोंडावर खिडकीतनं उजेड कसा पडलाय ते बघत बसतो, बायको कोपर मारते.

गिऱ्हाईक मराठी की कन्नड ते विचारायची भानगड नाही. "इकडं बघा" आणि पाठोपाठ "स्वल्प नग्री". तरी हसलं नाही तर दोन्ही परत.

मी पुढं बँकेत चिकटलो. कॅमेरा हौसेपुरता राहिला. तुम्ही कुठं शिकलात, कुणाकडनं? मोबाईलवाल्यांनी पण लिहा.

अनगोळकर
"उद्या या" 😂 आमच्या लग्नाचा अल्बम अजून उद्याच आहे. पोरगं चौथीला गेलं.

शहापुरी
तो आमचा स्टुडिओ नव्हे हो!

येळ्ळूरचा गडी
मी मोबाईलवाला. शिकवलं म्हशीनं. खोटं न्हाई सांगालो.

आमची म्हस काळीभोर. फोटो काढला की राखाडी, जशी काय राखेत लोळून आल्या. आणि आज्जाचा पांढरा फेटा काढला तर तो बी राखाडी, मळका. म्हटलं फोनच बाद झाला. मग कॉलेजातल्या मित्रानं सांगितलं, कॅमेऱ्याला काळं-पांढरं कळत न्हाई, समोर काय बी असू दे, तो त्याला मधला करड्या रंगाचा धरतो आणि तेवढाच उजेड घेतो. म्हणून काळी म्हस उजळ करतोय आणि पांढरा फेटा मळवतोय. मग आपण सांगायचं त्याला. म्हशीवर बोट ठेवायचं, बाजूला सूर्याचं चिन्ह येतंय ते खाली ओढायचं. फेट्याला वर. झालं.

तवापासनं राजहंसगडावर जाऊन पावसाळ्यातले ढग काढतोय, ढगाला पण वरच ओढायचं, पण लई न्हाई. लई ओढलं की ढग जातंय, नुसतं पांढरं राहतंय. मग काय बी केलं तरी परत येत न्हाई ते.

टिळकवाडी मॉर्निंग
@येळ्ळूरचा गडी अहो, हेच मोठ्या कॅमेऱ्यात अधिक-उणे चिन्हाचं बटण असतं ते. पुस्तकात 18 टक्के करडा म्हणून अख्खं प्रकरण असतं, तुम्ही म्हशीत संपवलंत.

येळ्ळूरचा गडी
व्हय की 😄 म्हशीला सांगतो.

खानापूर पाऊस
इथे कुणी बुरशीबद्दल बोलत नाहीये म्हणजे सगळे कोरड्या भागातले दिसता. आमच्याकडे जूनमध्ये चपलेला बुरशी, लोणच्याला बुरशी, देवघरातल्या पोथीला बुरशी. लेन्स काय सुटणार. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू येतात.

मला शिकवलं माझ्या थोरल्या जावेनं. ती शाळेत विज्ञान शिकवते, कॅमेऱ्याशी तिचा काही संबंध नाही. तिने सांगितलं, झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घे आणि आत सिलिका जेल टाक, निळ्या दाण्यांचं. ते गुलाबी झालं की समज पाणी भरलं त्यात, मंद आचेवर परतून घे, पुन्हा निळं होतं. परतायची कढई वेगळी ठेवायची बरं का, स्वयंपाकाची नाही. आणि कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवून कपाटात टाकायचा नाही पावसात, चामडं ओल धरतं.

दुसरं म्हणजे जांबोटीच्या बाजूला पावसात फोटोला गेलं की परत आल्या आल्या डब्यात कोंबायचा नाही. आधी पुसा, पंख्याखाली वाळू द्या.

निपाणीकर
आम्ही तांदळात ठेवतो की. सिलिका बिलिका कशाला.

खानापूर पाऊस
मोबाईल भिजला तरी लोक तांदळातच खुपसतात. तांदळाची भुकटी असते ना हो, ती शिरते फटीत. लेन्सच्या रिंगमध्ये गेली की करकर वाजते.

निपाणीकर
आमचा तांदूळ निवडलेला असतो.

अनगोळकर
तांदूळ कुठला पण? बेळगाव बासमती असेल तर कॅमेऱ्याला तरी वास येऊ दे, आम्हाला तर मिळेना झालाय खरा.

मच्छे मळा
खरा पाहिजे तर ओळखीच्या शेतकऱ्याकडनंच घ्या, बाजारात त्या नावावर काय पण विकतात. आमच्याकडं थोडा असतो, पण घरचाच सरतो. धागा फोटोचा आहे माहितीय, सॉरी.

वडगाव माग
माझे वडील विणकर. घरात माग, एकच खिडकी, आणि मागावर एक पिवळा बल्ब. मी तिथंच शिकले, कारण दुसरीकडं जायला सुट्टी कुठली.

वडिलांच्या तोंडाच्या एका बाजूला खिडकीचा निळसर उजेड, दुसऱ्या बाजूला बल्बचा पिवळा. फोटोत एक गाल गोरा, एक हळदीचा. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणं रंग सुधारायचं सेटिंग) कुठलंही लावा, एक बाजू बिघडणारच, कारण उजेड दोन जातीचे. उपाय म्हणजे बल्ब बंद करायचा. पण बाबा बंद करू देत नाहीत, तुटलेला धागा दिसत नाही म्हणतात. मग भांडण. शेवटी चहाच्या वेळी पाच मिनिटं बल्ब बंद, ते माझे फोटोचे तास 🙂

शटर 1/15 ठेवलं, म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग उघडं, की धोटा पळताना रेघ होऊन येतो आणि तोंड स्थिर राहतं, जर ते बोलत नसतील तर. ते बोलतात. कॅमेरा मागाच्या लाकडावर टेकवायचा नाही, सगळं घर हादरतं ठोक्याला, भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी हादरतं. स्टुलाखाली गोणपाट घातलं तेव्हा जमलं. बाबांना फोटोतलं काय आवडलं विचारलं तर म्हणाले, काठ बरा आलाय. स्वतःच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही.

शहापुरी
@वडगाव माग ताई, हा फोटो बघायला मिळेल का? खिडकीच्या समोरच्या भिंतीवर पांढरी चादर टांगून बघा, बल्बची गरज कमी पडेल. आण्णांचा थर्माकोलच तो, मोठा.

वडगाव माग
चादर बघते. फोटो त्यांना विचारून टाकते.

मलप्रभा काठ
रोलचा विषय निघाला म्हणून. आमच्या काकांकडं उजेड मोजायचा मीटर नव्हता, रोलच्या खोक्यावर सूर्य, ढग अशी चित्रं छापलेली असायची, तेच शास्त्र. लख्ख ऊन असलं तर f/16 (f म्हणजे लेन्सचं भोक, आकडा मोठा तर भोक बारीक) आणि शटर रोलच्या वेगाच्या आकड्याइतकं, म्हणजे 100 चा रोल तर त्याच्या जवळचं 1/125. ढग आले की f/8. काका आकाशाकडं बघून आकडा सांगायचे आणि चुकायचे नाहीत. पोरं आता चिडवतात, फोन स्वतः करतो की सगळं म्हणून. करू दे. मी अजून बाहेर पडलो की मनात आकडा म्हणतो.

गोकाकचा पोरगा
धबधब्यासाठी हा हिशोब लागतोच काका. घटप्रभा 52 मीटर खाली पडते आमच्याकडं, पावसाळ्यात पाणी तांबडं चहासारखं. ते रेशमासारखं काढायचं तर शटर 1/4 पर्यंत तरी आणायला लागतं. ढगाळ दिवशी ISO 100 ला (तुमच्या रोलचा आकडाच तो) f/16 केलं तरी 1/30 च्या आसपासच येतं. पुढं तीन स्टॉपची (तीनदा उजेड निम्मा करणारी) काळी काच लावली की बरोबर 1/4. ट्रायपॉड पाहिजेच.

पण खरं सांगू, मला ते रेशीम आवडत नाही आता. गोकाकचं पाणी अंगावर येणारं आहे, आवाज छातीत बसतो, आणि फोटोत दुधाची धार? मी उलट 1/1000 ला काढतो, गोळे दिसतात पाण्याचे. सगळे म्हणतात रफ आहे. असू दे.

तुषार लेन्सवर येतात, धुतलेला सुती रुमाल दोन-तीन तरी न्या.

कॅम्प एरिया
येताना करदंट आण.

गोकाकचा पोरगा
कोण बोलतंय?

कॅम्प एरिया
ओळख 😁

टिळकवाडी मॉर्निंग
मी पक्ष्यांत अडकलो. व्हॅक्सिन डेपोत सकाळी फिरायला जायचो शुगरसाठी. एक निवृत्त मास्तर यायचे, हातात 83 पट झूमचा कॅमेरा. त्यांनी पहिल्यांदा कॅमेरा दिलाच नाही, आधी तांबट कुठं टुकटुक करतोय ते शोधून दाखवा म्हणाले. हिरवा पक्षी हिरव्या पानात. मला दिसेना. महिनाभर नुसता कानानं शोधायचा धडा. मग सांगितलं, उडणाऱ्याला 1/2000 ठेवा, बसलेल्याला 1/500 पुरे, आणि फोकस डोळ्यावर. चोच तेज आली आणि डोळा मऊ आला तर फोटो कचऱ्यात.

चंद्राचंही त्यांनीच सांगितलं. चंद्रावर ऊन पडलेलं असतं, त्यामुळं रात्र समजून शटर उघडं ठेवायचं नाही, दिवसाचेच आकडे लावायचे. शुगर मात्र आहे तिथंच आहे, कारण पक्षी दिसला की मी उभाच राहतो.

रायबागकर
चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला कॅमेरा नेणाऱ्यांनी ऐका. भंडारा उधळतात, सगळं पिवळं, फोटो लई भारी येतात, पण ती हळद बारीक असते, बटणात, झूमच्या खाचेत जाऊन बसते. जाड प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाला रबरबँड, पुढं साधा फिल्टर. गर्दीत लेन्स बदलायची न्हाई, देवीची शप्पथ. घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसू नका, आधी मऊ ब्रशनं झाडा, न्हाईतर डाग धरतो.

आणि उधळताना सूर्य त्या माणसाच्या मागं पाहिजे. तवा भंडारा पेटल्यागत दिसतो. समोरनं ऊन असलं की नुसता पिवळा धूर.

अनगोळकर
रायबागकर, आप्पाचीवाडीला पण हेच की. आमचा भाचा गेला होता, परत आल्यावर त्याला ओळखलं नाही आईनं.

कॅम्प एरिया
शिवजयंतीच्या चित्ररथाला एलईडीच्या फोटोत आडवे काळे पट्टे येतात, त्याचं काय करायचं? कुणी सांगा, मे मध्ये परत येणार.

टिळकवाडी मॉर्निंग
आपली वीज 50 हर्ट्झची, दिवे त्या तालात मिणमिणतात, डोळ्याला कळत नाही. शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवा, बहुतेक पट्टे जातात. नाचणारी पोरं मग हलकी येतील, ते चालवून घ्यायचं. काही एलईडी मात्र कशालाच दाद देत नाहीत.

कॅम्प एरिया
धन्यवाद सर. गणपतीतही हेच वापरतो.

हलशी रोड
कमल बस्तीचं, त्या जैन देवळाचं, कमळाचं छत कुणी नीट काढलंय का? बेळगावच्या किल्ल्यातली, 1204 ची. उभं राहून मान वर करून काढलं की कमळ तिरकं येतं. मला तिथल्याच एका आजोबांनी युक्ती सांगितली: फोन जमिनीवर पाठीवर ठेवा, पुढचा कॅमेरा वर, 10 सेकंदांचा टायमर, आणि आपण बाजूला व्हा. बरोबर मध्यावर ठेवायला दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजायचं. चपला बाहेर काढलेल्या असतातच, त्यामुळं पावलं बरोबर पडतात.

निपाणीकर
सेल्फी कॅमेऱ्यानं देऊळ. वा.

काकू चव्हाट गल्ली
मी उशिरा आले, कुकर लावला होता. मला नातवाने शिकवलं. दारातली रांगोळी काढते रोज, फोटो काढला की माझ्याच डोक्याची सावली ठिपक्यांवर. नातू म्हणाला आज्जी, उन्हाकडे तोंड करून उभी राहा, सावली मागे पडेल. आणि फोनवर त्या उभ्या-आडव्या रेघा लावून दिल्या, ठिपके त्या रेघांशी जुळवले की फोटो सरळ येतो. ठिपक्यांची रांगोळी असल्यामुळे मला ते लगेच जमलं, ज्यांना संस्कारभारती काढायची सवय आहे त्यांना जुळवायला वेळ लागतो. सकाळी साडेसातच्या आधीच काढते, नंतर दूधवाल्याची गाडी जाते त्यावरून.

वडगाव माग
काकू टाका ना फोटो.

काकू चव्हाट गल्ली
टाकत होते पण चढत नाहीये, साईज मोठी आहे म्हणतंय. कमी कशी करायची कुणी सांगेल का? नातू क्लासला गेलाय.

येळ्ळूरचा गडी
काकू, व्हॉट्सॲपवर सोताला पाठवा आणि परत सेव्ह करा, आपोआप बारकी होतंय.