आकडा लिमिटेड, म्हणून भाव अनलिमिटेड?

तिसरं पेडल:
'जगात फक्त इतक्याच गाड्या' अशी घोषणा झाली की लगेच सुरू होतं, घेऊन ठेवा, वीस वर्षांनी सोनं होईल. मला हे पटत नाही. आकडा कंपनी ठरवते, आणि त्या आकड्याची किंमत कंपनीच एका रात्रीत घालवू शकते.

पोर्शे ९११ आर बघा. २०१६ साली ९९१ गाड्या काढल्या. चार लिटरचं ५०० अश्वशक्तीचं इंजिन आणि हाताने टाकायचे सहा गिअर. ९११च्याच जीटी३ या मॉडेलला त्या वेळी हाताचा गिअर मिळतच नव्हता, त्यामुळे आरवर उड्या पडल्या. अमेरिकेत मूळ किंमत १,८४,९०० डॉलर, आणि लोक तिचे चौपट-पाचपट मागू लागले. पुढच्याच वर्षी पोर्शेने साध्या जीटी३ला मॅन्युअल देऊन टाकला, आणि आरचा भाव घसरला. ९९१च्या काही १९९१ झाल्या नव्हत्या!

उलट लेक्सस एलएफए. २०१० ते २०१२ मध्ये ५०० गाड्या, किंमत ३,७५,००० डॉलर. लेक्ससला एवढे पैसे कोण देणार म्हणून नाकं मुरडली गेली. उत्पादन बंद झाल्यावरही कित्येक वर्षं अमेरिकेतल्या शोरूममध्ये कोऱ्या एलएफए धूळ खात होत्या. आज तीच गाडी दहा लाख डॉलरच्या आसपास खेळते. कारण यामाहाच्या मदतीने घडवलेलं, ९,००० आरपीएमपर्यंत किंचाळणारं ते ४.८ लिटरचं व्ही१०, म्हणजे दहा सिलिंडरचं इंजिन. आजच्या प्रदूषण नियमांत तसं इंजिन पुन्हा निघणं अवघड. कंपनीला स्वतःलाही जी पुन्हा काढता येणार नाही, तीच गाडी चढते.

डेट्रॉईटकर:
पहिल्या परिच्छेदाला +१०००. आमच्याकडचं जुनं उदाहरण देतो. १९७८ची कॉर्व्हेट, इंडियानापोलिस ५०० शर्यतीच्या पेस कारची (सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे धावणाऱ्या गाडीची) प्रतिकृती, काळी आणि चंदेरी. आधी मोजक्याच निघणार होत्या, मग प्रत्येक विक्रेत्याला एक म्हणता म्हणता आकडा ६,५०२ वर गेला. छापील किंमत १३,६५३ डॉलर होती. लोकांनी दुप्पट देऊन घेतल्या, आसनांवरचं प्लॅस्टिकही न काढता गॅरेजात कोंडून ठेवल्या. सगळ्यांनीच जपून ठेवल्यावर दुर्मीळ राहणार काय? अजूनही कमी चाललेल्या सहज मिळतात. महागाई धरली तर बिचाऱ्यांचं मुद्दलही निघालेलं नाही.

लाल घोडा:
धागाकर्त्याशी साफ असहमत. फेरारी एफ४० विसरलात का? ४०० काढू म्हणाले आणि १,३०० च्या वर काढल्या. तुमच्या नियमाने तिचा बाजार उठायला हवा होता. आज चांगली एफ४० वीस लाख डॉलरच्या खाली मिळत नाही. कंपनीने शब्द मोडला, तरी ज्या पोरांच्या खोलीच्या भिंतीवर तिचं पोस्टर होतं त्यांच्या हातात पैसा आला आणि विषय संपला. आकडाही नाही आणि इंजिनही नाही, माणसाचं वय बघा.

आणि कोंडून ठेवण्याची एवढी थट्टा नको. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात एक मॅक्लारेन एफ१ (रेसची नव्हे, रस्त्यावरची) दोन कोटी चार लाख डॉलरला गेली. चाललेली किती? चारशे किलोमीटरही नाही.

तिसरं पेडल:
एफ४० मान्य, पण मधला काळ गाळलात. १९९० मध्ये फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर नायजेल मॅन्सेल याची एफ४० दहा लाख पौंडांना विकली गेली होती. मग मंदी आली आणि बाजार असा कोसळला की पुढची कित्येक वर्षं तो आकडा दिसला नाही. त्या वेळी घेणाऱ्याला 'वीस वर्षं थांब' कोण सांगणार होतं?

हिशेबी माणूस:
जरा आकडेमोड करू. या दुनियेतली पट्टराणी म्हणजे फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते ६४ मध्ये ३६ गाड्या, नवी असताना साधारण १८,००० डॉलर. २०१८ मध्ये माँटेरीच्या लिलावात एक ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. ५६ वर्षांत वर्षाला साधारण १५ टक्के चक्रवाढ. आपला सेन्सेक्स १९७९ मध्ये १००, २०२५ मध्ये ८० हजारांच्या घरात. तेही १५ टक्क्यांच्या थोडं वरच, लाभांश वेगळा. म्हणजे जगातली सर्वोत्तम गाडी अचूक हेरूनही तुम्ही फार तर निर्देशांकाएवढं कमावलं. त्याला ना विमा, ना गॅरेज, ना उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग.

खडूस काका:
हिशेबी, एक डॉलरमध्ये आणि दुसरं रुपयात मोजलंत! १९७९ला डॉलर आठ रुपयांना होता, आता ८५ च्या वर. सेन्सेक्स डॉलरमध्ये मोजा, दहा टक्क्यांवर येतो. जीटीओ जिंकली.

हिशेबी माणूस:
काका, पकडलंत. तरी मुद्दा सोडत नाही. जीटीओ आपण आज मागे वळून निवडतोय. तेव्हा ती एक वापरलेली रेसची गाडी होती, मिळेल त्या भावात विकली जायची. शिवाय खर्च वजा करा. एफ४०च्या इंधनाच्या रबरी पिशव्या दहा-एक वर्षांनी बदलाव्याच लागतात, गाडी फिरो ना फिरो. आणि नव्वदीतली जग्वार एक्सजे२२० कुठे बसवणार? ३०० सुद्धा निघाल्या नाहीत. व्ही१२ सांगून व्ही६ दिलं, त्यात मंदी. ५० हजार पौंड बयाणा दिलेले लोक सुटका करून घ्यायला कोर्टापर्यंत गेले. दुर्मीळ आहे, पुन्हा निघणार नाही, भिंतीवरही होती. तरी तिशी उलटल्यावर भाव जेमतेम मूळ किमतीच्या आसपास. तिघांचेही नियम एकाच गाडीने मोडले.

लाल घोडा:
एक्सजे२२० हळूहळू चढतेय हो. दम धरा.

हिशेबी माणूस:
तीस वर्षं दम धरून झाला की!

पर्वरीचा मेकॅनिक:
तुम्ही सगळे इटली-जपानात, आमच्या गोव्यात काय झालं तेही ऐका. सॅन स्टॉर्म, १९९८ची. दोन माणसांची, उघड्या टपाची, फायबरग्लासचं अंग, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. दिसायला झकास, पळायला ६० अश्वशक्तीत जेवढी पळेल तेवढी. निघाल्या फार थोड्या. दुर्मीळ म्हणाल तर एफ४० पेक्षा दुर्मीळ! कोटीत गेल्याचं अजून तरी कानावर आलेलं नाही. आणि इकडे यामाहा आरएक्स १००, जिच्या ढिगाने गाड्या निघाल्या, ती नीट करून घेतलेली असेल तर लाखाच्या वर मागतात. माझा अनुभव एवढाच, की सुटे भाग मिळत असतील तर गाडी जिवंत राहते आणि जिवंत गाडीलाच गिऱ्हाईक मिळतं. स्टॉर्मची काच फुटली तर शोधत बसा.

खडूस काका:
मेकॅनिकसाहेब, लाखमोलाचं. पण तुमच्या हिशेबाने आरएक्स सुद्धा संग्राह्य आणि एफ४० सुद्धा, मग लिमिटेडचा संबंधच उरला नाही.

तिसरं पेडल:
काका, उरतो, फक्त जाहिरातीत असतो तेवढा नाही. आणि आपल्याकडे हा खेळ खेळणं आणखी कठीण. तीन वर्षांपेक्षा जुनी परदेशी गाडी सहसा आयात करता येत नाही, सवलत आहे ती पन्नास वर्षांच्या वरच्यांना. मधल्या काळातल्या एफ४०, एलएफए, ९११ आर या सगळ्या बाहेरच. नवी मागवाल तर शंभर टक्क्यांच्या वर कर. पहिल्याच दिवशी दुप्पट मोजलेल्या गाडीचं नफ्यात काय येणार?

लाल घोडा:
नफ्यासाठी मागवतंय कोण? परवडत असती तर मी चालवली असती.

डेट्रॉईटकर:
मग मॅक्लारेनच्या चारशे किलोमीटरचं कौतुक कशाला केलंत वर?