मदत हवी आहे: चहूबाजूंनी सारखा उजेड देणारा एलईडी गोळा
शोभेसाठी दुधी अ‍ॅक्रिलिकचा गोल दिवा बनवतोय. उजेड सगळीकडे सारखा पडायला हवा, पण साधा एसएमडी एलईडी (सर्किटवर सपाट बसणारा छोटा एलईडी) साधारण 120 अंशांतच प्रकाश टाकतो. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या षटकोनी नळीवर सहाही बाजूंनी एलईडीच्या पट्ट्या चिकटवल्यात. उष्णता छान निघते, मात्र गोळ्याच्या डोक्यावर गडद डाग दिसतो आणि मध्यावर एकेक ठिपका वेगळा मोजता येतो. डाग तर फारच खटकतो. नळीच्या टोकाला एलईडीची चकती बसवू, की सरळ फिलामेंट एलईडी (जुन्या बल्बातल्या तारेसारखे दिसणारे) घेऊ? त्यांतल्या चिप पारदर्शक पट्टीवर असतात, त्यामुळे उजेड मागेही जातो. पण थंड राहावेत म्हणून ते एरवी हेलियम वायू भरलेल्या बल्बात असतात; त्याबाहेर, उघड्यावर ते किती तापतात? शिवाय ठिपके घालवायला पट्टी आणि दुधी कवच यांत किती अंतर ठेवता? कुणी बनवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.