मदत हवी आहे : पाळकसाहेबांच्या टेबलासाठी खिडकीतला युतुख

सर्वांना नमस्कार. आम्ही अचलपूर तालुक्यातल्या एका खेड्यातले. चर्चला लागून पाळकांच्या कार्यालयाची नवी खोली झाली आहे. तिथल्या टेबलासाठी तरुण संघातर्फे हाताने केलेली, बघताच हसू येईल अशी वस्तू द्यायची आहे. काय करायचं ते ठरलंय, करताना अडलोय.

विषय युतुखाचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बायबलमधली गोष्ट आहे. त्रोवस नावाच्या शहरात प्रेषित पौल दुसऱ्या दिवशी निघणार होता, म्हणून मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. माडीवर पुष्कळ दिवे, आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत बसलेला. त्याला गाढ झोप लागली नि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. उचलला तर मेलेला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं, याच्यात जीव आहे म्हणाला, मग वर येऊन भाकर मोडली आणि उजाडेपर्यंत पुन्हा बोलत बसला! (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 20.) आमचे पाळकसाहेबही उपदेशाला उभे राहिले की घड्याळ बघत नाहीत. वेचणीच्या दिवसांत आठवडाभर कापूस वेचून दमलेली माणसं मागे पेंगतात, तेव्हा ते स्वतःच म्हणतात, "युतुखा, खिडकी सोड रे." त्यामुळे ते रागावतील ही भीती नाही.

घर तुराट्यांचं, तीन मजली, खाली सागाची फळी. युतुख चिंध्यांचा, आत घरचाच कापूस. त्याच्या कमरेतून सायकलच्या चाकाची तार आडवी घातली आणि पायांखाली लोखंडी नट बांधला. बोट लावलं की त्याने बाहेर झुकावं आणि परत बसावं. पण नट जड घेतला तर हलत नाही, हलका घेतला तर बाहेर लटकून राहतो. लटकलेला नाही चालणार. तो उठला, म्हणूनच या गोष्टीवर हसता येतं. तार कमरेऐवजी छातीपाशी घ्यावी, की हलकाच नट ताठ काडीला लावून आणखी खाली न्यावा? खेळणी करणाऱ्यांनी कृपया सांगावं.

तुराट्या गेल्या हंगामाच्या आहेत, काहींतून भुसा गळतो. कीड लागू नये म्हणून बांबूला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी देतात, तसंच तुराटीला द्यावं का? डिंक त्यानंतर धरेल?

आता ज्याची मला खरी काळजी आहे ते. त्या खोलीत नुसते लग्नाची तारीख ठरवणारे येत नाहीत. घरात मयत झालेले येतात, नापिकीने खचलेले येतात, सासरहून परत आलेल्या मुली येतात. अशा माणसासमोर पडणारा पोरगा हलत असावा, हे मला पटत नाही. माझं मत, घराची पाठ येणाऱ्याकडे आणि खिडकी पाळकसाहेबांकडे करावी. पाठीवर फक्त बारावं वचन लिहावं, त्यांनी त्या तरुणाला जिवंत आणलं ते. संघातली पोरं म्हणतात की मग गंमत कोणाला दिसणार? ज्यांच्याकडे पाळकांचं कार्यालय आहे, त्यांनी अनुभवाने सांगा.

खिडकीखाली छोटी पाटी लावणार आहोत : "उपदेश चालू असताना खिडकीत बसू नये." याहून नेमकं सुचलं तर कळवा. नाताळाच्या आधीच्या रविवारी भक्तीनंतर द्यायचं आहे.