चर्चच्या मंडळीची 'तपासणी' (मंडळी कशी चालली आहे हे प्रश्नावलीतून पाहणं) मराठीतून कोणी करून घेतली आहे का?

प्रभूमध्ये सलाम.

नगर जिल्ह्यातली आमची सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळी. रजिस्टरवर १८० कुटुंबं, रविवारी उपासनेला सत्तर-ऐंशी माणसं. तरुण मुलं येतात, पण बाहेर बाइकवर बसून राहतात.

गेल्या वर्षी आम्ही घरच्या घरी प्रश्नावली काढली. चाळीस कागद परत आले, सगळ्यांवर 'उत्तम'. चूक आमचीच: वर नाव लिहायला सांगितलं आणि गोळा करायला पंच, म्हणजे मंडळीचे कारभारी, घरोघरी गेले! मग बाहेरून एक सल्लागार आणले. दोन दिवस स्लाइड दाखवल्या, जेवले, गेले. पुढे कोणी विचारलं नाही.

आता 'नॅचरल चर्च डेव्हलपमेंट' या मंडळी तपासण्याच्या पद्धतीबद्दल वाचतोय. साधारण ३० क्रियाशील सभासद आणि पाळक (पास्टर) फॉर्म भरतात, आठ गुणांवर मोजमाप होतं आणि सर्वांत कमकुवत गुणावर आधी काम करायचं. पटतं, पण मला प्रश्नावली इंग्रजीतच मिळाली. आमच्या निम्म्या आज्यांना मराठीच वाचता येतं, आणि त्यांना वगळून केलेली तपासणी कसली?

पाळकसाहेबांची संमती आहे, मात्र त्यांची बदली डायोसिसच्या (बिशपच्या धर्मप्रांताच्या) हातात. बजेट पंचवीस हजारांपर्यंत. उपासनेत पेटी की गिटार हा वाद कृपया इथे नको.

कोणाच्या मंडळीत अशी तपासणी मराठीतून झाली आहे का? फॉर्म कोणी गोळा केले, म्हणजे लोक मोकळेपणाने लिहितील? आणि निकाल आल्यावर सल्लागार किती महिने सोबत राहिले?